तात्या नुसते बघतात

सांगलीत माणूस नुसता बघत नाही. बघतो आणि बोलतो. विश्रामबागेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये कुणी नवी गाडी आणली, की पेढे वाटायच्या आत वरच्या गॅलरीतून विचारणा होते, "ह्यात दुसरा रंग नव्हता काय?" कुणाकडे पाहुणे आले तर ते तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचं वय, नोकरी आणि ते मुलीकडचे की मुलाकडचे, याचा निकाल पहिल्या मजल्यावर लागलेला असतो. यात कुणाला काही गैर वाटत नाही. उलट आपल्याकडे बघून कुणी काहीच बोललं नाही, तर माणूस घरी जाऊन आरशात बघतो.

अशा वस्तीत एक गृहस्थ एके दिवशी नुसते बघायला लागले. सगळे त्यांना तात्या म्हणतात.

तसा हा प्राणी आता गावोगावी सापडतो. पूर्वी कुणी योगासनं शिकून आला की दुसऱ्याला शीर्षासन करायला लावायचा. निसर्गोपचार केंद्रातून परतलेला दुसऱ्याच्या चहातली साखर काढायचा. तो त्रास सरळ होता, भांडून मिटवता यायचा. हा नवा प्रकार तुम्हाला काहीच करायला सांगत नाही. तो तुमच्याकडे बघतो, पापण्या निम्म्या मिटतो, ओठांच्या एकाच कोपऱ्यात जरासा हसतो आणि म्हणतो, "मी कुणाला जज करत नाही." तुम्ही काही विचारलेलं नसतं. पण तेवढ्यावर तुम्हाला आपला शर्ट, आपला पगार आणि एकंदर आयुष्य यांची काळजी वाटू लागते.

तात्यांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट, कारण या माणसाचा सगळा प्रपंच निकाल देण्यावर उभा राहिलाय. मार्केट यार्डात त्यांचा बेदाण्याचा व्यापार. आता मुलगा बघतो, पण नजर तात्यांचीच मानली जायची. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, जत आणि पलीकडे विजापूर, एवढ्या मुलखातला माल इथे सौद्याला येतो. शेतकरी वर्षभर बाग सांभाळतो, उन्हाळ्याच्या तोंडाला द्राक्ष उतरवतो, द्रावणात बुडवून शेडमध्ये रॅकच्या जाळीवर पसरतो, दोनएक आठवडे सावलीत वाळवतो. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो. मधेच अवकाळी पाऊस आला तर तोही होत नाही. असं सगळं पार पडून पंधरा-पंधरा किलोचे बॉक्स यार्डात लागले, की त्या वर्षाचं भवितव्य तात्यांच्या तळहातावर येऊन पडायचं.

ते बघणं बघण्यासारखं होतं. मूठभर बेदाणा घ्यायचा, तळहातावर पसरायचा, दाराकडे वळून उजेडात धरायचा. अंगठ्याने एक मणी दाबायचा आणि सोडायचा; परत फुगतो की तसाच बसतो ते बघायचं. दोन बोटांत चोळून चिकटपणा अजमावायचा. काडी किती राहिलीय, ती नखाने. मग हात नाकाशी न्यायचा, गंधकाची धुरी किती दिलीय ते समजायला. शेवटी एक मणी पुढच्या दातांनी तोडून आतला गर बघायचा. सगळं मिळून दहा सेकंद. आणि उरलेला बेदाणा खांद्यावरून मागे उधळून म्हणायचं, "बरा आहे."

"बरा" ही तात्यांच्या कोशातली सर्वोच्च पदवी. घेणाऱ्याने "चांगला" म्हटलं की दर चढतो, हे त्यांना मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक. त्यामुळे जे घ्यायचं असेल त्याला नाक मुरडायचं आणि जे घ्यायचं नसेल त्याची तोंडभर स्तुती करायची, ही यार्डातली रीत त्यांनी घरीही चालू ठेवली. काकूंच्या स्वयंपाकाला ते जन्मभर नावं ठेवत आले, आणि म्हणूनच काकूंचा संसार सुखाचा झाला असं काकू स्वतःच सांगतात. माणसंही ते मालाच्याच भाषेत तोलायचे. आमच्या चेअरमनबद्दल त्यांचं मत, "चिकट माल आहे, बोटाला लागतो." एका नात्यातल्या जावयाबद्दल, "मणी लांब आहे, आत गर नाही." माझ्याबद्दल ते काय म्हणतात हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मग त्यांच्या मुलाने एकदा चहा पिता पिता सांगून टाकलं. "वरचा थर बरा आहे" म्हणतात. बेदाण्याचा बॉक्स ज्यांनी तळापर्यंत उपसून बघितलाय, त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

तर असे तात्या इगतपुरीला गेले. निमित्त ब्लड प्रेशरचं. एका हंगामात दर कोसळले, तात्यांचा पारा चढला आणि डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या मी देतो, पण राग तुम्हाला सोडावा लागेल. सुनेने विपश्यनेचं सुचवलं. तात्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फी किती?" फी नाही, राहणं-जेवण फुकट, शिबिर संपल्यावर वाटलं तर दान द्यायचं, हे ऐकून त्यांना उलट संशय आला. ज्या मालाला दर नाही, त्यात काहीतरी खोट असणार. मग त्यांनी खानदानाची चौकशी केली. सत्यनारायण गोएंका. जन्म 1924, मंडालेचा. घराणं मारवाडी व्यापाऱ्याचं. अर्धशिशीने हैराण होऊन ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, आणि हे ऊ बा खिन कोण, तर ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल. गोएंकाजी 1969 मध्ये भारतात आले, शिबिरं घेऊ लागले आणि 1976 पासून इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं. एवढं कळल्यावर तात्यांचा चेहरा उजळला. "शिष्य व्यापारी आणि गुरू हिशेब तपासणारा. मग चोख असणार," म्हणाले आणि बॅग भरायला घेतली.

दहा दिवसांत तिथे काय झालं, ते आम्ही पुढे हप्त्याहप्त्याने ऐकलं. पहाटे चारला घंटा. मोबाईल जमा, पुस्तक जमा, वहीपेनही जमा. कुणाशी बोलायचं नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, आणि लक्ष नाकपुडीच्या आणि वरच्या ओठाच्या मधल्या एवढ्याशा जागेवर. "तीन दिवस नाक," तात्या सांगतात. "अख्ख्या हंगामाचा माल मी तेवढ्या वेळात बघून टाकला असता." मग चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचं, जे जाणवेल ते बघायचं, हवंहवंसं म्हणायचं नाही, नकोसंही म्हणायचं नाही. तासभर हात-पाय न हलवता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात. पाय बधिर झाला तरी बघायचं. डास बसला तरी बघायचं. तात्या म्हणतात, हे सगळं त्यांनी निभावलं. एका गोष्टीत मात्र ते हलले.

"पाच वाजता चहा. चहाबरोबर चुरमुरे. नुसते! लसूण नाही, तिखट नाही, शेंगदाणा नाही. सांगलीच्या माणसाला, भडंगाच्या गावच्या माणसाला, नुसते चुरमुरे. आणि वर मौन. सांगायचं कुणाला?"

परतले ते निराळेच. स्टेशनवर उतरवून घ्यायला मुलगा गेला होता. गाडी दोन तास लेट. एरवी तात्यांनी स्टेशनमास्तरच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी नुसते म्हणाले, "गाडी आली." मुलगा घाबरला. घरी येऊन काकूंना हळूच म्हणाला, "डॉक्टरांना फोन करू काय?"

मग जेवणाच्या पाटावर जे सुरू झालं ते आम्ही भिंतीपलीकडून रोज ऐकत होतो.

"आमटी कशी झालीय?"

"खारटपणा जाणवतोय."

"म्हणजे मीठ जास्त झालंय?"

"जास्त तू म्हणतीस."

"मग कमी आहे काय?"

"कमीही तूच म्हणतीस. खारट आहे, एवढंच आहे. आत्ता आहे, थोड्या वेळाने जाईल."

काकूंचं म्हणणं अगदी रास्त होतं. "आधी ताट सरकवायचे, ते बरं होतं हो. निदान दुसऱ्या दिवशी काय करायचं ते कळायचं. आता मी रोज परीक्षा देते आणि निकाल कुणी लावतच नाही." नातवाचेही हाल तेच. त्याने हत्ती काढून आणला. पूर्वी तात्या विचारायचे, "सोंड कुठाय रे हिची? ही म्हैस आहे." मग दोघं भांडायचे, आणि सोंड लांब व्हायची. आता तात्यांनी कागद हातात घेतला, शांतपणे बघितला आणि म्हणाले, "करडा रंग दिसतोय." पोरगं रडत आजीकडे गेलं.

टाकीचं प्रकरण त्याच सुमाराचं. पहाटे पाण्याची मोटर लावून वॉचमन दूध आणायला गेला आणि तिकडेच रमला. टाकी भरली, वाहिली, गच्चीवरून धार लागली, पार्किंगमध्ये तळं झालं. तात्या गॅलरीत आसन घालून बसलेले होते. मोटरचं बटण त्यांच्या दारापासून चार पावलांवर. सहाला चेअरमन उठले आणि पँट दुमडून वर आले.

"तात्या, तुम्हाला ऐकू आलं नाही काय?"

"आलं की. पाण्याचा आवाज."

"मग बंद नाही करायची?"

"बंद करावी अशी इच्छा उठली होती," तात्या डोळे न उघडता म्हणाले. "बघितली. निघून गेली."

इथे तात्यांच्या गुरूंची बाजू सांगायला हवी. मोटर बंद करू नका असं इगतपुरीला कुणी शिकवत नाही. शिकवतात ते एवढंच, की आत राग उठला तर त्याच्या तालावर लगेच नाचू नका. आधी तो बघा, मग करायचं ते शांत डोक्याने करा. दुसरा अर्धा भाग तात्यांनी इगतपुरीच्या स्टेशनवरच ठेवला असावा. आणि ते एकटे नाहीत. पण शिबिर करून आलेली, आणि घरचं दळण, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचं औषध यांत काही कसूर न करणारी माणसं मला ठाऊक आहेत. त्यांनी शिबिर केलंय हे आपल्याला वर्षाने कुठून तरी कळतं. व्यक्तिचित्र त्यांचं लिहिता येत नाही. लिहिता येतं ते ज्याचं साक्षीपण दुसऱ्याला दिसावं लागतं त्याचं. आमच्या टाकीला सोसायटीने अखेर सेन्सर बसवला. तो बघतोही आणि मोटर बंदही करतो.

माझं स्वतःचं सांगायचं तर मला तात्यांच्या जुन्या नजरेची भीती वाटत नव्हती. "वरचा थर बरा" हे कळल्यावर मी दोन दिवस फुगलो, मग सोडून दिलं. पण हल्ली जिन्यात गाठ पडली की ते थांबतात, माझ्याकडे बघतात आणि काहीच म्हणत नाहीत. तळाचा थरही त्यांनी बघितला, हे मला तेवढ्यात कळतं. दर सांगत नाहीत, त्यामुळे नाही म्हणायचीही सोय नाही.

घरात असं चालल्यावर मुलाने त्यांना सौद्याला नेलं, जुन्या वातावरणात माणूस ताळ्यावर येईल म्हणून. मीही गेलो होतो. नमुने ओतून ठेवलेले, खरेदीदारांचा घोळका एका मालावरून दुसऱ्या मालाकडे सरकतोय, अडत्या पुकारतोय, शेतकरी मागे टोप्या हातात घेऊन उभे. बघितलेला बेदाणा खरेदीदाराने उधळून टाकायचा, या खोडीवरून शेतकऱ्यांची ओरड फार जुनी. तात्या स्वतः त्या खोडीचे महामेरू. पण त्या दिवशी त्यांनी एका मालापुढे उभं राहून मूठ भरली, डोळे भरून बघितलं आणि तो बेदाणा दोन्ही हातांनी, एक मणी खाली न सांडता परत ठेवला. आणि हसले.

घोळक्यात एकदम शांतता पसरली. वर्षानुवर्षं बाकीचे खरेदीदार माल कमी आणि तात्यांचं तोंड जास्त बघत आले होते. तात्यांनी नाक मुरडलं की माल घेण्यासारखा, तात्यांनी वाखाणला की सोडून द्यावा, इतकं ते गणित पक्कं. पण तात्या बेदाण्याकडे बघून हसले, हे यार्डात कुणी बघितलेलं नव्हतं. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. दर चढायला लागला. पुढच्या मालापुढेही तात्या तसेच थांबले, तसेच हसले, तोही चढला. मुलगा घामाघूम. त्याने कानाशी लागून विचारलं, "तात्या, घ्यायचा काय हा? कसा आहे?"

"आहे," तात्या म्हणाले.

त्या सकाळी मुलाच्या पेढीवर एक बॉक्स आला नाही. जत भागातला एक शेतकरी मात्र तात्यांच्या पाया पडून गेला आणि मुलाला म्हणाला, "रोज आणत जावा की ह्यांना." मुलाने त्यांना दुपारीच घरी आणून सोडलं आणि यार्डात न येण्याबद्दल हात जोडले. तात्यांनी त्या जोडलेल्या हातांकडेही बघितलं.

पावसाळ्यात मात्र एक गंमत झाली. सांगलीत जुलै-ऑगस्टात अख्खं गाव साक्षी होतं. कोयनेतून विसर्ग वाढला की जो तो आयर्विन पुलावर. हा पूल 1929 चा, आणि त्याच्या पट्टीवर चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. रस्त्यात कुणी कुणाला नमस्कार करत नाही. "किती?" "अडतीस." बस. चांगलं झालं नाही, वाईट झालं नाही, सरकार नाही, निसर्ग नाही. 2005 बघितलेल्या, 2019 ला तो आकडा सत्तावन्नाच्या वर गेलेला बघितलेल्या, 2021 ला परत सामान माळ्यावर चढवलेल्या माणसांना विशेषणांची गरज उरलेली नाही. तात्या पुलावर कठड्याला टेकून उभे होते, अगदी घरच्या मैदानावर. "बघ," मला म्हणाले, "वाढतंय म्हणायचं नाही. उतरतंय म्हणायचं नाही. पाणी आहे." मला कधी नव्हे ते पटलं. संध्याकाळी आकडा चाळीसला टेकला आणि पलीकडून मला तात्यांचा जुना, दणदणीत आवाज ऐकू आला. गावभागात राहणाऱ्या मेव्हणीशी ते फोनवर बोलत होते. "अगं, फ्रिज वर घे म्हणतोय ना! बघत काय बसलीस?"

हे मी दुसऱ्या दिवशी काढलं, तेव्हा ते म्हणाले, "तो आवाज उठला होता. गेला." काकू आतून म्हणाल्या, "गेला म्हणून तर वाईट वाटतंय."

आणि मग बेदाण्यानेच घात केला. की उद्धार, ज्याचं त्याने ठरवावं.

सून हिंजवडीत नोकरीला. घरून काम करायचं म्हणून आठवडाभर सांगलीला आली होती. तिच्या कंपनीने कर्मचाऱ्यांचा ताण घालवायला लॅपटॉपवर एक वर्ग ठेवला होता. आदल्या दिवशीच सूचना आलेली, प्रत्येकाने जवळ एक बेदाणा घेऊन बसावं. सुनेने तात्यांना समजावून सांगितलं की हेही तुमच्या विपश्यनेच्याच नात्यातलं. जॉन कबात-झिन नावाच्या गृहस्थांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल कॉलेजात जुनाट दुखण्याच्या आणि ताणाच्या रुग्णांसाठी हे सुरू केलं. आठ आठवड्यांचा क्रम असतो, आणि सुरुवात बहुतेक ठिकाणी बेदाण्याने होते. एक बेदाणा घ्यायचा, जन्मात कधी बघितला नाही असा बघायचा, हुंगायचा, कानाशी धरायचा, मग सावकाश खायचा. तात्यांनी सगळं ऐकून एवढंच म्हटलं, "अमेरिकेत म्हणजे कॅलिफोर्नियाचा असणार. काळा. ते जमिनीवर कागद घालून उन्हात वाळवतात." मग आपण काहीतरी ठरवून बोललो हे लक्षात येऊन त्यांनी पापण्या मिटल्या.

मी सेन्सरची वर्गणी द्यायला गेलो होतो, तो तिथेच थांबलो. लॅपटॉपवर पन्नासेक चौकोन, प्रत्येकात एकेक तरुण माणूस, प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज अतिशय मऊ. सून बसली, शेजारी तात्या बसले. काकूंनी डब्यातून दोन बेदाणे काढून दिले.

पहिली दोन मिनिटं तात्यांनी छान काढली. बेदाणा तळहातावर, पाठ ताठ, चेहऱ्यावर ते हसू. मग बाईंनी सांगितलं, आता उजेडात धरा. तात्या दाराकडे वळले. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. अंगठा हलला. मणी दाबला. सोडला. परत दाबला. काकू परात हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. बाई म्हणाल्या, आता वास घ्या. तात्यांनी बेदाणा नाकाशी नेला आणि चेहऱ्यावरचं हसू नाकापासून खाली उतरत गेलं.

"तुम्हाला काय जाणवलं ते सांगा," बाईंनी हिंदीत विचारलं. एका मुलीला सुरकुत्या बघून आजीचे हात आठवले. एका मुलाला शेतकऱ्याबद्दल कृतज्ञता वाटली. कुणाला विश्व दिसलं. सुनेचा माइक चालू होता.

"मागच्या सालचा माल आहे," तात्या म्हणाले. "कोल्ड स्टोरेजमधला. धुरी जास्त बसलीय. कडेनं लाल पडायला लागलाय आणि आत साखर धरलीय. कुणी घेतला हा?"

पन्नास चौकोनांतले पन्नास बेदाणे हवेत थांबले. बाईंनी आवाज आणखी मऊ केला. "सर, जजमेंट नहीं करना है. सिर्फ देखना है."

"देख्याच ना मॅडम," तात्या सांगलीच्या हिंदीत म्हणाले. "देख्या तो दिख्या."

यावर बाईंना काही सुचलं नाही. मलाही अजून सुचलेलं नाही. तात्या तोवर उठून मुलाला फोन लावत होते. घरातला बेदाणा पेढीवरूनच आलेला होता, आणि "हा काय दर देऊन घेतलास" इथपासून सुरुवात करून त्यांनी मुलाची सबंध हंगामाची खरेदी पाच मिनिटांत तळापर्यंत उपसली. आवाज पार्किंगपर्यंत जात होता. चेअरमन खालून वर बघत होते. काकूंनी ती वेळ दवडली नाही. परात ठेवली, आमटी वाटीत घेतली आणि पुढे केली. "ही जरा बघा."

तात्यांनी फोन कानाला तसाच ठेवून भुरका मारला. "मीठ कमी. चिंच तर दिसतच नाही. आणि हे काय, फोडणी दिलीस की नुसती दाखवलीस?"

काकूंचा चेहरा असा काही फुलला, की सून लॅपटॉप बंद करायचा विसरली.

चार दिवसांनी तिच्या ऑफिसातून विचारणा आली. पुढचा वर्ग प्रत्यक्ष घ्यायचाय, माणसं दोनशे; सासऱ्यांचा बेदाणा मिळेल का? ताजा, धुरी कमी असलेला. सूनबाईंनी मोठ्या कौतुकाने ही बातमी फोनवर दिली. तात्यांनी फोन मला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला होता.

"दोनशे माणसं. माणशी किती?"

"एकेक, बाबा."

"एकेक बॉक्स?"

"एकेक बेदाणा."

तात्यांनी मनात हिशेब केला. अर्ध्या ग्रॅमचा मणी धरला तर दोनशे माणसांचे झाले शंभर ग्रॅम, आणि तेवढ्यात दोनशे माणसांचं समाधान. "आणि खायला किती वेळ लावणार?"

"पाच मिनिटं तरी."

"असली गिऱ्हाइकं निघाली तर तासगावच्या लोकांनी बागा उपटून टाकायच्या काय?" तात्या म्हणाले. "सांग त्यांना, बॉक्सच्या खाली आपण विकत नाही. पंधरा किलो उचला, दोनशेजणांत वाटा, माणशी सव्वा छटाक येईल. आधी पोटभर खा म्हणावं. बघायचं काय ते मग बघा."